गेम कॉपी झाला, म्युझिक राहून गेलं!

दोस्तहो, गेल्या सेमिस्टरला कांजूरमार्गच्या एका भंगारवाल्याकडून जुना पेंटियम पीसी उचलून विंगमध्ये आणला. हार्ड डिस्कवर चक्क 'क्वेक' आणि त्याचं १९९७ सालचं एक्स्पान्शन 'स्कर्ज ऑफ आर्मागॉन'! बंदुका, डरकाळ्या सगळं ऐकू येत होतं, पण म्युझिक गायब. "जुना गेम रे, नसेलच म्युझिक," रूममेटने निकाल दिला.

साफ चूक! मूळ 'क्वेक'ला (१९९६) नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरचं संगीत आहे, तर या एक्स्पान्शनला जीहून ह्वांगचं. मग गेलं कुठे? लॅबमधल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "सीडी कुठाय?"

गोम तिथेच आहे. त्या सीडीवर पहिला ट्रॅक गेमचा डेटा आणि दुसऱ्यापासून पुढे सरळ ऑडिओ सीडी! कारण सोपं आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. तेव्हाच्या हार्ड डिस्कला हे जड, आणि प्रोसेसर तर थ्रीडी चित्रं काढण्यातच घामाघूम. म्हणून लेव्हलच्या फाइलमध्ये फक्त ट्रॅकचा नंबर असतो. गेम ड्राइव्हला सांगतो, "चार नंबर लाव." पुढचं सगळं ड्राइव्ह बघते आणि आवाज एका बारीक वायरीने थेट साउंड कार्डात जातो.

सरांनी घरून एक्स्पान्शनची सीडी आणली. तरी शांतता! कॅबिनेट उघडलं, तर ती वायरच लोंबकळत होती. जोडली, आणि अख्खी विंग दारात जमा!

आणखी एक गंमत. गेमला फक्त नंबर कळतो, सीडी कोणती ते कळत नाही. एक्स्पान्शन खेळताना मूळ 'क्वेक'ची सीडी आत राहिली, तर ह्वांगच्या जागी रेझनर वाजतो!

म्हणजे नुसतं फोल्डर कॉपी करून ज्यांनी हा गेम खेळला, त्यांच्यापर्यंत म्युझिक पोचलंच नाही. रेझनर नामवंत, त्याचं काम लोक शोधून ऐकतील. एक्स्पान्शनच्या संगीतकाराला कोण विचारतो?

तेव्हा मंडळी, घरी अशी जुनी सीडी असेल तर कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगू नका. आधी तिचे ऑडिओ ट्रॅक उतरवून घ्या. 'क्वेक'ची आजची इंजिनं म्युझिक फोल्डरमधल्या फाइल्सही वाजवतात. रूममेटने तर मोबाईलची रिंगटोनच केली आहे. आता त्याला सांगा, "नसेलच म्युझिक!"