सीमेपलीकडचे बांधकाम आणि आपली यंत्रसामग्री

लुंबिनीला जाऊन आलेल्या उपासकाच्या मनात एक विचार हमखास येतो. तथागतांच्या जन्मभूमीच्या परिसरात आपल्याही हातून काही उभे राहावे. यात्रेकरूंसाठी चार खोल्या, गावच्या मुलांसाठी एक वर्ग, निदान पाण्याची एक टाकी. नोव्हेंबर १९५६ मध्ये पूज्य बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्यामुळेही नेपाळविषयी आपल्या समाजाला वेगळी आपुलकी आहे. विचार ठरला की निधी जमतो, श्रमदानासाठी तरुण नावे देतात आणि मग बैठकीत कोणीतरी म्हणतो, "आपल्याकडे मिक्सर पडूनच आहे, सेंटरिंगच्या प्लेटाही आहेत. ट्रकमध्ये घालू आणि नेऊ." खरी अडचण येथूनच सुरू होते.

हे अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने असाच एक ट्रक भरून पाठविला. त्यात मिक्सर, व्हायब्रेटर, जनरेटर, प्लेटा आणि वर सिमेंटच्या गोण्या होत्या. सोबत संस्थेच्या लेटरहेडवर "सर्व सामान धर्मादाय कार्यासाठी आहे" असे पत्र होते. ट्रक सीमेवर अडला. अधिकाऱ्यांनी यादी मागितली, ती नव्हती. यंत्रांचे नंबर विचारले, ते कोणी उतरवून घेतले नव्हते. सामान परत नेणार की ठेवणार, या प्रश्नावर आमच्याच दोन कार्यकर्त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. ट्रकचे खोटीभाडे रोज चढत गेले, पावसाळा तोंडावर आला आणि त्या वर्षी स्लॅब पडला नाही. लोकांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये करून दिलेल्या पैशातून आम्ही उभ्या ट्रकचे भाडे भरले. यात दोष कोणा अधिकाऱ्याचा नव्हता, तो आमच्या अज्ञानाचा होता. इतर मंडळांवर तशी पाळी येऊ नये म्हणून हा लेख.

माणसांना वाट खुली, मालाला नाही

भारत व नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. सीमेवर आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे मालही तसाच जातो असा समज होतो. तो चुकीचा आहे. माल ठरावीक नाक्यांवरून आणि दोन्ही बाजूंच्या कस्टमच्या नोंदीनेच जातो. लुंबिनीसाठी आपल्याकडचा नाका उत्तर प्रदेशातील सोनौली आणि पलीकडचा बेलहिया. तेथून भैरहवा जवळच आहे. नेपाळमध्ये कस्टमला 'भन्सार' म्हणतात आणि मालाच्या घोषणेच्या कागदाला 'प्रज्ञापन पत्र'.

कस्टमच्या नजरेत 'धर्मादाय' हा मालाचा प्रकार नाही. दान म्हणून दिले तरी वस्तूची किंमत शून्य होत नाही; अधिकारी तिची किंमत ठरवितात आणि त्यावर शुल्क लागते. सूट हवी असेल तर ती आधी, लेखी आणि त्या विशिष्ट मालापुरती मिळवावी लागते. आपत्तीच्या काळातही हे सुटत नाही. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये मदतीचा ओघ सुरू झाला, तेव्हा कस्टमची प्रक्रिया सुलभ करावी अशी जाहीर विनंती संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना करावी लागली होती. मग आपल्या लेटरहेडचे काय चालणार?

सामानाचे तीन ढीग

ट्रक भरण्यापूर्वी सामानाचे तीन ढीग करावेत, कारण तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिला ढीग परत येणाऱ्या वस्तूंचा : मिक्सर, व्हायब्रेटर, जनरेटर, प्लेटा, परांचीचे पाइप. या वस्तू तात्पुरत्या आयातीखाली नेता येतात. त्यासाठी शुल्काइतकी रक्कम अनामत ठेवावी लागते किंवा बँकेची हमी द्यावी लागते. नेपाळीत या अनामतीला 'धरौटी' म्हणतात. वस्तू मुदतीत परत गेल्या तरच ती सुटते.

दुसरा ढीग तेथेच राहणाऱ्या वस्तूंचा, उदाहरणार्थ विहिरीवरचा पंप. ही सरळ आयात आहे. तीत यजमान संस्था आयातदार असते. सवलतीचा अर्ज आणि नेपाळ सरकारच्या संबंधित खात्याची शिफारस तिनेच आणावयाची असते.

तिसरा ढीग खपून जाणाऱ्या मालाचा : सिमेंट, लोखंड, रंग. हा माल परत येणार नाही, म्हणून तो पहिल्या ढिगात कधीही मिसळू नये. आमचा ट्रक मुख्यतः याच गोंधळाने अडला.

काही जण 'ए.टी.ए. कार्नेट'चे नाव घेतात. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून निघालेले हे पुस्तक म्हणजे मालाचा जणू पासपोर्टच होय. ते जास्तीत जास्त एक वर्ष चालते आणि प्रत्येक सीमेवर वेगळी अनामत भरावी लागत नाही. भारतात ते 'फिक्की' ही संस्था देते. परंतु नेपाळ या व्यवस्थेत सामील नसल्यामुळे आपल्या कामी ते येत नाही.

यादी हाच खरा परवाना

यादीत प्रत्येक वस्तूचे नाव, कंपनी, मॉडेल, इंजिनाचा वा यंत्राचा नंबर, वजन, नग आणि आजची किंमत असावी. नंबरपट्टीचा जवळून फोटो काढावा. पट्टी झिजली असेल तर कस्टम एजंटला विचारून, निघण्यापूर्वीच ओळखीची खूण करून घ्यावी. प्लेटा मोजून लिहाव्यात; नेल्या साठ आणि परत आल्या चोपन्न, तर उरलेल्या सहांचा हिशेब द्यावा लागतो.

हीच यादी भारतीय कस्टमकडे निर्यातीच्या कागदात नोंदवून शिक्का घ्यावा. ही पायरी पुष्कळजण गाळतात. आपलेच यंत्र परत आणताना कायद्याने ती आयातच ठरते. ते येथूनच गेले होते हे सिद्ध झाले तर, सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत परत आणल्यास, शुल्कातून सूट मिळते. जातानाची नोंदच नसेल तर आपलाच मिक्सर आपल्याला परका होतो.

नेपाळच्या कागदांवर तारखा विक्रम संवतात असतात. संवताचा आकडा आपल्या सनापेक्षा सुमारे ५७ ने पुढे असतो आणि महिनेही वेगळे. धरौटीची मुदत कोणती, हे तेथल्या एजंटाकडून इंग्रजी तारखेत लिहून घ्यावे. रकमाही नेपाळी रुपयांत असतात. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० हे ध्यानात ठेवावे.

नेण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला, बांधकामाची परवानगी आहे काय? लुंबिनीच्या मुख्य क्षेत्रात जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या १९७८ च्या आराखड्याप्रमाणे आणि लुंबिनी विकास कोषाच्या संमतीनेच काम होते. बाहेरच्या गावात स्थानिक पालिकेची मंजुरी हवी. परवानगीशिवाय यंत्र नेले तर धरौटीची मुदत यंत्र नुसते उभे राहूनच संपते.

दुसरा, आपल्या ट्रस्टला देशाबाहेर खर्च करता येतो काय? घटनेत तसा उद्देश आहे का ते पाहावे. भारताबाहेरच्या कार्यावरील खर्चाला आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. हिशेबनीसाला हे आधी विचारावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : नेण्याची खरोखर गरज आहे काय? धरौटी, दोन्हीकडचे एजंट, जाण्यायेण्याचे भाडे आणि मोडतोड यांची बेरीज करावी आणि भैरहवा किंवा बुटवल येथून मिक्सर भाड्याने घेण्याच्या खर्चाशी ती ताडून पाहावी. लहान कामात भाड्याचे यंत्र बहुधा स्वस्त पडते. शिवाय ते बिघडले तर दुरुस्त करणारा मिस्त्री तेथेच असतो. पुढे आम्ही तसेच केले आणि आमच्या खोल्या त्यानंतरच उभ्या राहिल्या.

लुंबिनीचा अशोकस्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी सम्राट तेथे आला आणि बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने गावाला करात सवलत दिली, असे त्या लेखात आहे. एक कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्सा ठरविला, असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे खुद्द धम्मराजानेही "पुण्यकार्य आहे, सोडून द्या" एवढ्यावर काम भागविले नाही. कोणाला, कशात आणि किती, हे त्याने दगडावर कोरून ठेवले. आपल्याला निदान कागदावर लिहिता आले पाहिजे. दान देणाऱ्याने पैसा विश्वासाने दिलेला असतो. तो भिंतीत लागला पाहिजे, नाक्यावरच्या भाड्यात नव्हे.