जुना निवडुंग कुजतो तेव्हा

निवडुंग कुजतो असे म्हटले तर बीडकडच्या माणसाला ते खरे वाटत नाही. विहिरी आटतात, बांधावरचे गवत करपते, पण फड्या निवडुंग हिरवाच. मात्र असे चिवट झाड मरते ते बहुधा दुष्काळात नव्हे, तर चांगल्या पावसाच्या वर्षी!

याचे कारण त्याच्या राहणीत आहे. निवडुंग आपली रंध्रे दिवसा मिटून ठेवतो आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो. त्यामुळे पाणी फार थोडे उडते आणि खोडातल्या गरात साठून राहते. मुळे उथळ असतात व त्यांना हवा लागते. आपली काळी माती ओल धरून ठेवते. सप्टेंबरच्या झडीत तिच्यात मुळे गुदमरतात आणि दुखावलेल्या मुळांतून बुरशी व जिवाणू आत शिरतात. खोडात पाण्याचा साठा असल्याने वरचा भाग कित्येक दिवस टवटवीत दिसतो. झाड कलते तेव्हा लोक म्हणतात, अचानक गेले.

म्हणून बुंधा दाबून पाहावा. वयपरत्वे त्यावर तपकिरी, खरखरीत साल येते. ती टणक असेल तर चिंता नको. बोट आत गेले, घाण वास आला, तर ती कूज. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर ती कोचिनील कीड. हिचीच एक जात १९२६ साली सिलोनहून दक्षिण भारतात मुद्दाम आणली होती, रान व्यापणारा फड्या निवडुंग हटवण्यासाठी. आणि तिने तो हटवलाही.

आमच्या अंगणातल्या पुरुषभर उंचीच्या निवडुंगाचा बुंधा असाच मऊ पडला, तेव्हा आजी म्हणाली, "एवढ्या वर्षांचं झाड, सुरी लावू नका रे." पण कूज औषधाने मागे फिरत नाही, ती वर चढत राहते. मी निरोगी भागात आडवा छेद घेतला. छेदात मधोमध वाहिन्यांचे कडे दिसते. त्यात एकही तपकिरी ठिपका असेल, तर आणखी वर कापावे लागते. मला तीनदा कापावे लागले आणि दर वेळी सुरी स्पिरिटने पुसली. हाती उरले ते जेमतेम निम्मे झाड.

छेदाला गंधकाची पूड लावून तो तुकडा सावलीत, वाऱ्यावर तीन आठवडे ठेवला. आजी रोज विचारी, "अजून लावलं नाही?" पण छेदावर कोरडी, टणक खपली धरेपर्यंत लावणे व्यर्थ असते. मग मुरूम आणि जाड वाळू यांत उभा करून दगडांचा आधार दिला. मुळे धरेपर्यंत पाणी नाही.

कुंपणाचा तीनधारी निवडुंग मात्र खरा कॅक्टस नव्हे, तो एरंडाच्या कुळातला. तो कापताना निघणारा चीक डोळ्यांना अत्यंत घातक असतो. तो डोळ्यांत उडू देऊ नये.