फितुराला माफी

डिसेंबर २००५ मध्ये 'द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया' मालिकेतला पहिला चित्रपट आला, तेव्हा डिस्नीने अमेरिकेत त्याचा प्रचार दोन आघाड्यांवर केला. मुलांना बोलणारे बीव्हर आणि बर्फाचे जंगल दाखवले. चर्चच्या मंडळींसाठी मात्र वेगळे कार्यक्रम ठेवले. एकाच चित्रपटाला दोन प्रकारचे प्रेक्षक मिळणार, हे कंपनीने ओळखले होते. कोणाला ती कपाटातून दुसऱ्या जगात शिरणाऱ्या चार भावंडांची गंमत वाटणार होती, तर कोणाला त्यात येशूची कथा दिसणार होती.

आपल्याकडे श्याम बेनेगल यांचा 'कलयुग' (१९८१) पाहताना उद्योगपतींच्या भाऊबंदकीत कर्ण कोणता, हे कोणी सांगावे लागत नाही. चर्चमध्ये वाढलेल्या प्रेक्षकाला नार्नियातला सिंह अस्लन तसाच ओळखू येतो. इतरांना मात्र थोडी उकल करून द्यावी लागते.

चार भावंडांपैकी एडमंड हा मिठाईच्या आणि राजा होण्याच्या लोभाने पांढऱ्या चेटकिणीला फितूर होतो. नार्नियाच्या पुरातन नियमानुसार फितुराच्या रक्तावर चेटकिणीचा हक्क असतो आणि ती तो मागायला येते. अस्लन नियम मोडत नाही. रात्री तो एकटा जातो आणि एडमंडच्या जागी स्वतःला तिच्या हवाली करतो. त्याची आयाळ कापली जाते, टवाळी होते आणि शिळेवर त्याला मारले जाते. सूसन आणि लूसी या दोघी बहिणी त्याच्या कलेवरापाशी रात्र काढतात. पहाटे शिळा दुभंगते आणि अस्लन जिवंत समोर येतो.

शुभवर्तमानात हे सारे आहे. शिपायांनी केलेली येशूची थट्टा आहे, भल्या पहाटे कबरीकडे गेलेल्या स्त्रिया आहेत आणि येशूच्या मृत्यूच्या क्षणी फाटलेला मंदिराचा पडदाही आहे. सिंहाचे रूपही बायबलमधलेच. प्रकटीकरणाच्या पुस्तकात ख्रिस्ताला यहूदा वंशाचा सिंह म्हटले आहे.

१९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कथेचे लेखक सी. एस. लुईस तरुणपणी कट्टर नास्तिक होते. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या लुईस यांची आई ते नऊ वर्षांचे असताना वारली. पुढे ऑक्सफर्डमध्ये शिकवत असताना, सप्टेंबर १९३१ मधल्या एका रात्री, ते जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांबरोबर मॉडलिन कॉलेजच्या आवारात उशिरापर्यंत बोलत फिरले. लुईस यांचे पुराणकथांवर प्रेम होते, पण त्या त्यांना खोट्या वाटत. ख्रिस्ताची कथा ही खरोखर घडलेली पुराणकथा आहे, असा टॉल्किन यांचा युक्तिवाद होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले.

गंमत म्हणजे, याच टॉल्किन यांना नार्निया आवडले नाही. उघड रूपककथेचे त्यांना वावडे होते. त्यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये ना चर्च आहे, ना पाद्री. तरीही १९५३ मध्ये एका धर्मगुरू मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे म्हटले होते. कथानायक फ्रोडो आणि त्याचे सोबती रिव्हेंडेलहून निघतात ती तारीख २५ डिसेंबर. ज्या दुष्ट अंगठीचा नाश करायला ते निघतात, ती नष्ट होते २५ मार्चला, म्हणजे देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिल्याच्या सणाला. जुन्या परंपरेत येशूला क्रुसावर दिल्याचा दिवसही हाच मानत.

मात्र अशा तारखा आणि खुणा जुळवत बसले, तर मुद्दा हातचा जातो. दोन्ही कथांचा ख्रिस्ती गाभा चांगल्या-वाईटाच्या लढाईत नाही. तशी लढाई जगातल्या प्रत्येक पुराणात सापडते. फितुराला जिवंत सोडण्यात तो आहे. फ्रोडोआधी ती अंगठी बाळगणारा बिल्बो तिच्या लोभाने झपाटलेल्या गॉलमला मारू शकत असूनही त्याची गय करतो, पुढे फ्रोडोही करतो. शेवटी डूम पर्वताच्या कड्यावर फ्रोडो हरतो, अंगठी टाकायला नकार देतो आणि ती स्वतःच्या बोटात घालतो. जग वाचते ते वर्षानुवर्षे गय केलेल्या गॉलममुळे. ख्रिस्ती शिकवणीत 'कृपा' म्हणतात ती हीच: माणसाची ताकद संपते तिथे, न कमावता मिळालेली.

कादंबरीत गॉलम अंगठी हिसकावून आनंदाने नाचताना तोल जाऊन पडतो. पीटर जॅक्सन यांच्या 'द रिटर्न ऑफ द किंग'मध्ये (२००३) फ्रोडो त्याच्यावर झेप घेतो आणि झटापटीत दोघेही कड्यावरून जातात. अकरा नामांकने आणि अकराही ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट भव्य आहेच, पण या एका बदलाने कृपेची जागा हाणामारीने घेतली. नार्नियाचेही तेच झाले. पुस्तकात काही पानांत उरकणारी लढाई पडद्यावर शेवटचा मोठा भाग व्यापते.

हॅरी पॉटरचीही कथा वेगळी नाही. चेटूक शिकवतात म्हणून अमेरिकेतल्या काही चर्चमंडळींनी ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयांतून काढायला लावायचा प्रयत्न केला. प्रत्यक्षात सातव्या पुस्तकात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर बायबलचे वचन आहे, आणि तो स्वतः इतरांसाठी निःशस्त्र मरणाला सामोरा जातो. शेवटच्या सामन्यात तो खलनायक व्होल्डेमॉर्टला पश्चात्तापाची संधीही देतो. चित्रपटात ती संधी गाळली आहे. उरते ती छड्यांची झुंज.

या प्रतीकांवर टीकाही होते. लेखक फिलिप पुलमन यांना नार्निया हा प्रचार वाटतो. त्यांच्या कादंबरीवरचा 'द गोल्डन कंपास' (२००७) आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली. वास्तविक निर्मात्यांनी त्यातली चर्चवरची टीका आधीच सौम्य केली होती. नार्नियाच्या पुढच्या भागांतले सावळ्या वर्णाचे, पगडीधारी कॅलॉर्मेनचे लोक बहुतेक क्रूर किंवा कपटी रंगवले आहेत, हा आक्षेपही रास्त आहे. दयेची गोष्ट सांगणाऱ्या लेखकाची दया सगळीकडे सारखी पोचत नाही.

तरीही मुलांबरोबर नार्निया पुन्हा पाहाल, तेव्हा लढाईआधीचा एक छोटा प्रसंग चुकवू नका. चेटकिणीच्या तावडीतून सुटका झालेला एडमंड टेकडीवर अस्लनसमोर उभा आहे. त्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. खाली आल्यावर अस्लन भावंडांना एवढेच सांगतो, की झाल्या गोष्टीबद्दल याला बोलू नका. लुईस यांना जे सांगायचे होते, ते मोठ्या लढाईपेक्षा या प्रसंगात जास्त आहे.