रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. घरातल्या माणसाचं मन अचानक बिघडलं, किंवा दारू सोडल्यावर तो थरथरायला आणि भलतंच बोलायला लागला, तर सरकारी मदत कुठून येते?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात रात्री सर्व्हर पडला तर पहिला फोन कोणाला, त्याने नाही उचलला तर पुढचा कोणाला, हे आधीच लिहिलेलं असतं. माणसासाठी असा कागद आमच्या बपेऱ्यात मी कुठल्याच घरात पाहिलेला नाही. बपेरा म्हणजे तुमसर तालुका, सिहोऱ्याच्या पुढे, मध्य प्रदेशाच्या सीमेवर. वैनगंगा ओलांडली की बालाघाट जिल्हा. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथून शंभराहून जास्त किलोमीटर. ते १८६४ पासूनचं आहे, आणि राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं बरीच वर्षं चारच: नागपूर, पुणे, ठाणे, रत्नागिरी.

आधी दारूचं बघू

आमच्याकडे मोहफुलाची दारू नवीन नाही. घरच्यांना सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता? त्याने माळ घातली, शपथ घेतली, 'आजपासून बंद' म्हणाला, तो. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसासाठी पुढचे चार दिवस धोक्याचे असतात.

कारण असं. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून चालायला शिकतो. दारू एकदम थांबली तरी तो जोर थांबत नाही. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, दाराशी माणसं दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. गावात याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात. हा आजार आहे, आणि उपचार नाही झाला तर यात जीव जाऊ शकतो. दवाखान्यात मेंदू शांत करणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुरक्षित काढता येतात. म्हणून रोज पिणाऱ्याने दारू सोडायची ती डॉक्टरांना विचारून. खोलीत कोंडून सोडवायची गोष्ट नाही ही.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाला होता. बाकीच्यांची रात्र घरच्यांनीच निभावली असणार.

तीन गोष्टी लागतात

अमेरिकेत जुलै २०२२ पासून अशा प्रसंगासाठी ९८८ हा नंबर आहे. तिथे या सेवेचे तीन भाग मानतात: बोलायला कोणी, यायला कोणी, आणि न्यायला सुरक्षित जागा. हेच माप आपल्याला लावून बघू.

बोलायला कोणी? आहे. १४४१६, म्हणजे टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. चोवीस तास, फुकट, मराठीत. आजारी माणूसच बोलला पाहिजे असं नाही, घरच्यांनीही फोन करायचा. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६.

न्यायला जागा? लांब आहे, पण आहे. तुमसरला उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालय, पुढे नागपूर.

यायला कोणी? इथे घोडं अडतं. १०८ ची गाडी येते, तीत डॉक्टर असतो. फिट, बेशुद्धी, विष, जखम असेल तर क्षणभर विचार न करता १०८. हत्यार किंवा मारहाण असेल तर ११२. पण घाबरलेल्या, संशयाने पेटलेल्या माणसाशी बोलून त्याला गाडीत बसवणारं खास पथक गावात येत नाही. ते काम शेजारी, आशाताई आणि घरचे करतात. कोणी नसलं की दोरी करते.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलाला तीन दिवस खाटेला बांधून ठेवलं होतं. मी विचारलं तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "बाबू, सोडला असता तं नदीकडं गेला असता." त्या माउलीला क्रूर म्हणायची माझी हिंमत नाही. तिच्याकडे रात्र काढायचा दुसरा उपाय कोणी ठेवलाच नव्हता. त्यातच एका दवाखान्यात 'असे पेशंट आम्ही घेत नाही' हे ऐकून ते परत आले होते.

कायदा काय म्हणतो

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही त्यात येतात. कामाच्या गोष्टी अशा:

एक. कलम ९४. जीवाला धोका असेल, किंवा माणूस स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा करेल असं असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. मर्यादा ७२ तास, आणि त्यात पुढच्या रुग्णालयात नेणंही धरलंय. म्हणजे जवळच्या सरकारी डॉक्टरांना सुरुवात करता येते. 'इथे होत नाही' म्हणाले तर हे कलम नम्रपणे सांगा.

दोन. कलम १००. मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारा किंवा धोक्यात असलेला माणूस पोलिसांना आढळला, तर त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही.

तीन. 'कोर्टाचा कागद आणा' हे दरवेळी खरं नाही. माणूस स्वतः भरती होऊ शकतो. त्याची तशी अवस्था नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो, दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात, आणि ३० दिवसांपर्यंत भरती होते.

चार. हा प्रतिनिधी साध्या कागदावर नेमता येतो. सही किंवा अंगठा पुरतो. बरं वाटत असतानाच हे करून ठेवा.

पाच. साखळीने बांधायला या कायद्यात बंदी आहे. भूत काढायच्या नावाखाली बांधणं-मारणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. कलम ११५ म्हणतं, तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि शिक्षा करायची नाही.

कागदावर काय लिहायचं

१०८, ११२, १४४१६, १४४४६. आशाताईंचा आणि गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचा नंबर. चालू गोळ्यांची नावं. शेवटची दारू कधी घेतली, हे त्या वेळी आठवून सांगायचं, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. सीमेवरच्या गावांसाठी एक जास्तीची ओळ: मोबाईल पलीकडचा टॉवर पकडू शकतो, म्हणून फोन लागताच आधी 'महाराष्ट्र, भंडारा जिल्हा, तुमसर तालुका' सांगा, मग बाकीचं.

गाडी येईपर्यंत? एकाच माणसाने बोलायचं, हळू आवाजात. वाद घालायचा नाही, 'असं काही नाहीच' म्हणायचं नाही. 'तुला भीती वाटतेय, मी इथंच आहे' एवढं पुरतं. फवारणीचं औषध, विळा, कुऱ्हाड आधीच बाजूला. एकटं सोडायचं नाही.

मधली कडी कधी येईल ते आपल्या हातात नाही. ग्रामसभेत मागता मात्र येते: रात्री येऊ शकणारी गाडी, आणि प्रशिक्षण घेतलेली गावातली चार माणसं. तोवर हा कागद कॅलेंडरशेजारी चिकटवा, आणि एक प्रत शेजारच्या घरी द्या. त्यांना आत्ता लागत नसेल, तरी द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.