उपचार एका बालकाचे, परीक्षा साऱ्या घराची

धर्मग्रामातील एखाद्या बालकाला कर्करोग झाल्याचे कळते, त्या सायंकाळी त्याच्या घरी माणसांची रीघ लागते. कुणी फळे आणते, कुणी जपमाळ सुरू करते, कुणी बाळाच्या गालावरून हात फिरवून डोळे पुसते. यामागील माया खरी असते. परंतु हीच माया त्या बालकास अपायकारक ठरू शकते, हे आम्हांस प्रथम नमूद करावेसे वाटते.

बालकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्यातील 'अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया' हा प्रकार विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसतो. केमोथेरपीची औषधे रोगट पेशींबरोबर निरोगी पांढऱ्या पेशीही कमी करतात. अशा वेळी पाहुण्याची साधी सर्दीही बाळाला महागात पडते. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर मध्यरात्रीही रुग्णालय गाठावे लागते. घरच्या घरी गोळी देऊन ताप दाबणे धोक्याचे असते. शेजारी कांजिण्यांचा रुग्ण असल्यास तेही डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते. म्हणून दार अर्धवट लोटून घेणाऱ्या आईला कृपया माणूसघाणी म्हणू नये.

या आजाराचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने सर्वांत कठीण. वसईच्या कुटुंबाची पहाट लोकलच्या वेळापत्रकाने सुरू होते: वसई रोडहून प्रभादेवी, तेथून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात. (लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करुग्णांना प्रवासाची मुभा आहे; अनेकांना हे ठाऊक नसते.) रक्त तपासणी, अहवालाची वाट, पाठीच्या मणक्यातून दिले जाणारे औषध आणि संध्याकाळी परतीची गर्दी. स्टेरॉईडमुळे बाळाला भूक आवरत नाही, स्वभाव चिडका होतो. पहाटे तीन वाजता वरणभातासाठी रडणारे मूल हट्टी नसते, औषध बोलत असते.

आणि घरी राहिलेले भावंड? आमच्या मते सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. आजीकडे ठेवलेली सात-आठ वर्षांची बहीण सर्व काही पाहते, विचारत मात्र नाही. आपण भांडणात भावाला ढकलले म्हणून तो आजारी पडला, असे या वयातील मुले मनाशी धरून बसतात. तिला स्पष्ट सांगावे, की हा आजार कुणाच्या चुकीने झाला नाही, तो संसर्गजन्यही नाही. तिच्या प्रथम कम्युनियनचा दिवस शक्यतो पुढे ढकलू नये. आई रुग्णालयात असली तरी मावशीने झगा शिवून द्यावा, बाबांनी हजर राहावे. आजारी बालकालाही 'काही होणार नाही, दुखणार नाही' असे खोटे सांगू नये. सुई टोचल्यावर त्याचा विश्वास सुईवरून नव्हे, आपल्यावरून उडतो.

पुढे केस परत येतात, बाळ हसू-खेळू लागते आणि समाज समजतो, की संकट टळले. वस्तुतः तेव्हा 'मेंटेनन्स'चा दीर्घ टप्पा चालू असतो. रोज ६-मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. या गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. नवस फेडला, आता औषध पुरे, असे सुचविणारे नातेवाईक याच काळात भेटतात. त्यांचा हेतू चांगला असेल, सल्ला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक बालके बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण पुष्कळ कमी आहे, आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार हे त्याचे एक कारण आहे.

गावातील मदत मात्र बहुधा पहिल्याच महिन्यात संपते. वडिलांची रजा संपलेली, आईची नोकरी सुटलेली, अशा दुसऱ्या वर्षी कुणी फारसे विचारीत नाही. शेजारच्या ख्रिस्ती समूहाने वार वाटून घेतले, तर पुष्कळ होईल: एका घराने बुधवारचा ताजा, पूर्ण शिजवलेला डबा, दुसऱ्याने मुलीची शाळेतून ने-आण, तिसऱ्याने विजेचे बिल. भेट फोनवर घ्यावी. तरुणांनी आपले रक्तगट नोंदवून ठेवावेत. प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे एकदाच पन्नास रक्तदाते जमवण्यापेक्षा हाक येईल तेव्हा दोघांनी परळला जाणे अधिक उपयोगी पडते.