होमला पोंचूनहि न मिळालेली धांव

ज्यांच्या घरीं तीन पिढ्या क्रिकेटच्या गोष्टी ऐकत वाढल्या, त्या मंडळींस बेसबॉलचा सामना प्रथमच पाहतांना एक गोष्ट फार चमत्कारिक वाटते. एक खेळाडू तिसऱ्या बेसवरून धांवत येऊन होमला पाय लावतो, प्रेक्षक टाळ्या पिटतात, आणि तरीहि पंच ती धांव धरीत नाहींत. कारण तिकडे दुसराच एक गडी भलत्या ठिकाणीं बाद झालेला असतो. घरांतील मुलें तर हा उघड अन्याय समजतील. वस्तुतः यांत अन्याय मुळींच नाहीं; परंतु तें ध्यानीं येण्यास त्या खेळांतील ‘फोर्स आउट’ हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे.

मैदानाचा आकार प्रथम डोळ्यांपुढें आणावा. एक चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांवर होम, पहिला, दुसरा व तिसरा बेस असे चार मुक्काम, एकापासून दुसरा ९० फूट. फलंदाज होमपाशीं चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धांवतो, आणि क्रमानें तिन्ही बेस करून पुन्हा होमला पोंचला कीं एक धांव. तीन गडी बाद झाले कीं त्या बाजूची पाळी संपली.

क्रिकेटमध्यें चेंडू टोलविल्यावर धांवावयाचें कीं नाहीं हें फलंदाजाच्या मर्जीवर असतें. येथें ती मर्जी नाहीं. टोला हद्दींत पडला कीं बॅट टाकून धांवलेंच पाहिजे. शिवाय एका बेसवर एकच गडी राहूं शकतो. तेव्हां पहिल्या बेसवर आधींच कोणी उभा असेल, तर त्यास जागा खालीं करून दुसऱ्यावर जाणें भाग पडतें. दुसऱ्यावरहि कोणी असेल तर त्यास तिसऱ्यावर. लग्नघरांत दुसरी पंगत पाटांपाशीं येऊन उभी राहिली म्हणजे पहिल्या पंगतींतील मंडळींस ‘आमचा मठ्ठा राहिला आहे’ म्हणून बसून राहतां येत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. अशी सक्ती असतांना क्षेत्ररक्षकानें हातांत चेंडू धरून त्या पुढच्या बेसला नुसता पाय लावला, तरी धांवणारा बाद होतो. सक्ती नसेल तर मात्र त्याच्या अंगास चेंडू लावावा लागतो.

आतां धांवेचा नियम. तिसरा गडी जर असा सक्तीनें बाद झाला, किंवा फलंदाजच पहिल्या बेसला पोंचण्यापूर्वीं बाद झाला, तर त्या खेळींत होमला पोंचलेल्याची धांव मिळत नाहीं. मग तो कितीहि आधीं पोंचलेला असो. क्रिकेटच्या जाणकारांस हें फारसें परकें वाटूं नये. चेंडू उंच उडून हवेंत असतांना फलंदाजांनीं एक धांव पुरी केली, पण मग झेल घेतला गेला, तर ती धांव आपणहि कोठें मोजतों?

या सक्तीची एक खुबी मात्र पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. ती मागून येणाऱ्याच्या जिवावर असते. तो बाद झाला कीं पुढच्याची सक्ती संपली. समजा, एक गडी बाद आहे, पहिल्या व तिसऱ्या बेसवर एकेक धांवणारा आहे, आणि टोला पहिल्या बेसच्या रक्षकाकडे गेला. त्यानें चेंडू आधीं दुसऱ्या बेसकडे फेकून एक गडी टिपविला, आणि परत आलेल्या चेंडूनें फलंदाजास बाद केलें, तर पाळी संपली व धांव गेली. परंतु त्यानें आधीं आपल्याच बेसला पाय लावून फलंदाजास बाद केलें, तर दुसऱ्याकडे निघालेला मोकळा झाला. त्यास आतां चेंडू लावूनच बाद केलें पाहिजे. तेवढ्या अवधींत तिसऱ्यावरचा होमला पोंचला तर धांव पक्की! तेच दोन बाद, पण क्रम फिरला कीं निकाल फिरला. आपल्याकडे शाळांतून मुलें-मुली सॉफ्टबॉल खेळतात, त्यांसहि हाच नियम लागू आहे.

या नियमानें एका तरुणाच्या जन्माचें कसें मातेरें केलें, ती हकीकत अमेरिकेंत आजहि सांगतात. २३ सप्टेंबर १९०८ रोजीं न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि शिकागोचे कब्स यांचा सामना होता. शेवटची, म्हणजे नववी पाळी. दोन्हीकडे एकेक धांव. जायंट्सचे दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल. ब्रिडवेलनें चेंडू सरळ मधल्या मैदानांत टोलविला, मॅककॉर्मिक होमला पोंचला, आणि लोक आनंदानें मैदानांत घुसले. सामना जिंकलाच असें समजून मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावतांच आपल्या गोटाकडे वळला. त्या काळीं सर्रास असेंच चाले.

पण कब्सचा जॉनी एव्हर्स नियमांचा मोठा अभ्यासी. ४ सप्टेंबरला पिट्सबर्ग येथें याच मुद्द्यावर त्यानें तक्रार केली होती. तेव्हां पंच ओ’डे यांनीं आपण तें पाहिलें नाहीं म्हणून ती नाकारली होती. योगायोगानें आजहि पंच तेच, आणि या वेळीं त्यांचें लक्ष होतें. एव्हर्सनें गर्दींतून एक चेंडू मिळवून दुसऱ्या बेसला पाय लावला (तो चेंडू खेळांतलाच होता कीं दुसरा, याचा वाद कधींच मिटला नाहीं), आणि ओ’डे यांनीं मर्कलला बाद ठरविलें. तिसरा गडी सक्तीनें बाद. अर्थात् धांव रद्द, सामना बरोबरीचा. हंगाम संपला तों दोन्ही संघ बरोबरींत राहिले, आणि ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळवावा लागला. तो कब्सनीं ४-२ असा जिंकला व त्याबरोबर लीगचें अजिंक्यपदहि.

ओ’डे यांचा निकाल नियमास धरून होता, असेंच आमचें मत आहे. पण पुढें झालें तें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. जायंट्सनीं त्या हंगामांत एकंदर ५६ सामने गमावले. खापर मात्र एका पोराच्या डोक्यावर फुटलें. ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ, हें नांव त्यास चिकटलें तें १९५६ मध्यें तो वारला तरी सुटलें नाहीं. त्याचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनीं मात्र त्यास दोष दिला नाहीं. संघांत ठेवून घेतलें, आणि मर्कल त्यानंतरहि पुष्कळ वर्षें पहिल्या प्रतीचा खेळाडू म्हणून खेळला.

ब्रिडवेलच्या पदरीं तर कांहींच पडलें नाहीं. पुढचा गडी सक्तीनें बाद झाला म्हणजे फलंदाजाचा टोला त्याच्या नांवावर जमा होत नाहीं. म्हातारपणीं त्यानें सांगितलें कीं, त्या दिवशीं आपणच चेंडू हुकून बाद झालों असतों तर बरें झालें असतें. निदान मर्कल तरी सुटला असता.