सहा कैदी आणि एक माळरान

फराळ आटोपून मंडळी बसली, की 'एखादा जुना, चांगला चित्रपट लावा' ही फर्माईश आमचीच असते. यंदा नेरूळच्या घरी 'दो आँखें बारह हाथ' लागला. शांतारामबापूंचा हा बोलपट १९५७ सालचा. सहा खुनी कैदी आणि त्यांना ओसाड माळावर नेऊन माणसात आणू पाहणारा जेलर आदिनाथ! माळ नांगरला जातो, भाजी पिकते. बाजारात व्यापाऱ्यांची माणसे मारहाण करतात, तेव्हा हे खुनी हात उगारीत नाहीत. शब्द दिलेला असतो ना!

धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, असं खरंच कुठं होतं का हो?"

होते, आणि तेही आपल्याच मुलखात! औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, मूळचे पोलंडचे इंजिनीयर मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसविली. कथालेखक ग. दि. माडगूळकर तिकडचेच. मात्र पडद्यावर एक गोष्ट गळली, आणि आमच्या मते तीच मोठी. स्वतंत्रपुरात कैद्याची बायकामुले त्याच्याजवळ राहतात. मग पळायचे ते कोणाला सोडून?

बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगाचे चित्रीकरण करताना बापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला.

वसाहत आजही आहे, हे ऐकताच नातवाने नकाशा उघडला आणि आटपाडी किती लांब ते मोजू लागला.